वाघोडियाच्या ठिपक्यांतला हेर

हसायचं नाही, एवढी एकच अट. आणि कपबशी आधी खाली ठेवा. मागच्या वेळी ऐकता ऐकता आमच्या वहिनींनी अख्खा चहा सोफ्यावर सांडला होता!

तर आम्ही शिर्के. पणजोबा बडोद्याच्या फौजेत पहाऱ्यावर होते. फौज गेली, पहारा गेला, संशय तेवढा वंशपरंपरेनं माझ्याकडे आला. दूधवाला गोड बोलला की मी आधी दुधात बोट बुडवून बघतो. बायको म्हणते, तुम्ही आरशाकडेसुद्धा तिरक्या नजरेनं बघता.

बडोद्यातच, रावपुऱ्यात आमचं जमीनमोजणीचं ऑफिस आहे. जन्मभर मी दुर्बिणीला डोळा लावून मोजण्या केल्या. आता आलंय लायडार. तिपाईवर मशीन ठेवायचं, ते गरगर फिरत लेझर फेकतं, आणि लेझर जिथे आपटेल तिथला ठिपका टिपतं. ऑफिसात कॉम्प्युटरवर फाइल उघडली, की कोट्यवधी ठिपक्यांचा अख्खा कारखाना समोर उभा!

आमच्याकडे यातल्या जाणकार म्हणजे हेतलबेन. वाघोडियाच्या एका कारखान्यात आम्ही दोघं गेलो होतो. आवारात जागोजागी मशीन ठेवून सुरू केलं की त्या ओरडायच्या, "बधा संताई जाव!" म्हणजे सगळे लपा. आणि स्वतःही भिंतीआड पळायच्या.

दुसऱ्या दिवशी हेतलबेन उशिरा येणार होत्या. म्हटलं, तोवर आपणच फाइल साफ करू. झाडं, गाई, माणसं, नको ते सगळं पुसून टाकायचं. मला तीनच बटणं येत होती. त्यातल्या एकानं उंचीप्रमाणे रंग चढतात. जमीन निळी, मधलं हिरवं, वरचं लाल.

आणि मला तो दिसला!

निळे पाय, हिरवं पोट, लाल डोकं. चेहरा म्हणाल तर नुसते ठिपके. गेटपाशी उभा. पुढच्या स्कॅनमध्ये गोदामापाशी उभा. त्याच्या पुढच्यात टाकीपाशी, कानाला हात लावून. फोन! कुणाला तरी खबर देत होता, दुसरं काय? एका ठिकाणी तर वाकून जमिनीत काहीतरी पुरत होता.

मागचं मोठं काम आमच्या हातून दुसऱ्या कंपनीनं पळवलं होतं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांचा हेर! आणि हिंमत बघा, दर वेळी आमच्या मशीनपासून चार पावलांवर! मी स्वतः दिवसभर तिथे होतो, तरी मला दिसला नाही. म्हणजे केवढा सराईत असेल!

तेवढ्यात कारखान्याचे मॅनेजर देसाईसाहेब काम बघायला आले. मी दार लावून घेतलं. बोलणं गुजरातीतच झालं, तुम्हाला मराठीत सांगतो.

"साहेब, तुमच्या आवारात माणूस घुसलाय."

"कोण?"

"ते तुमच्या वॉचमनला विचारा. गेटवरून आत सोडला कुणी?"

देसाईंनी स्क्रीन पाहिली आणि त्यांचा चेहरा तापला. तिथूनच त्यांनी फोन लावला. वॉचमन रामसिंग बिचारा पलीकडून शपथा घेत होता, मोजणीवाल्यांखेरीज कुणी आत आलं नाही म्हणून. देसाई म्हणाले, "खोटं बोलतोस? सामान बांध. उद्यापासून येऊ नकोस."

क्षणभर मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण छाती जास्त फुगली होती.

एवढ्यात हेतलबेन आल्या. मी दबक्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी त्या आकृतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"शिर्केभाई, खरे रंग लावून बघितलेत का?"

"खरे रंग असतात?"

"मशीन फोटोही काढतं ना!"

त्यांनी एक बटण दाबलं. मला न येणारं चौथं.

हेराच्या अंगात पोपटी चौकडीचा शर्ट होता. सासुरवाडीकडून दिवाळीला आलेला. दोन दिवस तोच घालतोय म्हणून सकाळीच बायकोची बोलणी खाऊन निघालो होतो.

देसाईंनी स्क्रीनकडे पाहिलं. मग माझ्या शर्टाकडे पाहिलं. मग पुन्हा स्क्रीनकडे.

"हे कसं शक्य आहे?" मी ओरडलो. "मी तर मशीनच्या मागे उभा होतो!"

"शिर्केभाई," हेतलबेन शांतपणे म्हणाल्या, "आ मशीनने पाछळ होय ज नहीं. याला मागची बाजूच नसते, ते चारी बाजूंनी बघतं!"

जन्मभराची सवय हो! दुर्बिणीच्या मागे उभा राहणारा माणूस कधी तिच्यात दिसतो का? आणि पुरत वगैरे काही नव्हतो, पडलेला चष्मा उचलत होतो. फोनवर बायको होती. आता माझी मलाच लाज वाटायला लागली. माझ्यापायी त्या गरिबाची नोकरी चालली होती.

मी हात जोडले. "साहेब, आधी रामसिंगला फोन करा."

देसाईंनी लगेच लावला. "सामान सोड, रामसिंग. चूक आमची. आणि घुसलेला माणूस सापडलाय, फोटो पाठवतो. नीट बघून ठेव."

ते गमतीनं म्हणाले होते हो! पण रामसिंग पडला हुकमाचा माणूस. राहिलेल्या मोजणीसाठी दोन दिवसांनी पुन्हा गेलो, तर हेतलबेनना त्यानं सलाम ठोकला आणि मला काठी आडवी घातली. केबिनच्या काचेवर माझी ठिपक्यांची तसबीर चिकटवलेली!

मी आधार कार्ड काढून दाखवलं. त्यानं कार्ड पाहिलं, तसबीर पाहिली, माझं पोट पाहिलं.

"कार्ड का फोटो मिलता नहीं, साहब," तो म्हणाला. "लेकिन ये वाला बराबर मिलता है. आप बाहर बैठिए."