फ्रिजमधला मुद्देमाल

तो दिवस मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत दंगली पाहिल्या, चाकू पाहिले. पण खरा घाबरलो तो एका दवाखान्याच्या फ्रिजसमोर.

मी तेव्हा बदलापूर भागात तपास अधिकारी होतो. एका लहान सरकारी दवाखान्याने सर्पदंशावरच्या इंजेक्शनचा साठा वरच्या भांडाराला परत पाठवला, तेव्हा बाटल्या कमी भरल्या. डॉक्टरांनी तक्रार दिली. पाठोपाठ निनावी फोन आला, "सायेब, चामटोलीला सिस्टरच्या घरचा फ्रिज बघा." अशा फोनमागे बहुतेक वेळा शेजाऱ्याची जळजळ असते, पण खबर खरी निघते.

झडतीत बाटल्या भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीखाली सापडल्या. पंचनामा करून डबा सील केला. पोलीस ठाण्यात फ्रिज कुठला? म्हणून मुद्देमाल पंचांसमोर दवाखान्याच्याच फ्रिजमध्ये ठेवला आणि तिथेच, महिला अंमलदारासमोर, सिस्टरचा जबाब सुरू केला.

"कोणाला विकणार होतात?" मी दरडावलं.

"विकायच्या असत्या तर अजून कोथिंबिरीखाली पडून राहिल्या असत्या का?" बाई रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. "वरून हुकूम आला, गेल्या वर्षी इथला वापर शून्य, म्हणजे यंदाची गरजही शून्य, साठा दुसरीकडे द्या. अहो, गेल्या वर्षी बाटलीच नव्हती, तर वापरणार काय, डोंबल? आलेला पेशंट उल्हासनगरला पाठवायचो. माझा दीर रस्त्यातच गेला, साहेब."

मला पटलं नाही. पकडलेला माणूस जबाबात दीर, भाऊ, कोणालाही मारतो. मी पुढचा प्रश्न विचारणार, तोच दारात रिक्षा थांबली.

"डाक्टर, बायकोला घोणस चावली! काय तरी करा ओ!" एक शेतकरी ओरडत आत आला. बाईच्या पायाला लावणीचा चिखल तसाच होता. पाय सुजून काळानिळा झालेला, हिरड्यांतून रक्त येत होतं.

डॉक्टरांनी फ्रिज उघडला. आत फक्त माझा सीलबंद डबा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझी पाचावर धारण बसली. सील तोडलं तर केस गेली, वर माझीच चौकशी. आणि घरच्या फ्रिजमधलं औषध बिघडलेलं असलं तर?

"वीज गेल्यावर काय करत होतात?" मी सिस्टरना विचारलं.

"बर्फाच्या पेटीत ठेवत होते. कोणाला तरी टोचायलाच लपवल्या ना!"

सील मी स्वतः तोडलं आणि पंचांसमोर तशी नोंद केली. डॉक्टरांनी बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि औषध मिसळून सलाईन लावलं. सिस्टर पेशंटची नाडी धरून उभ्या राहिल्या. आरोपी आहेत हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. रक्त थांबेपर्यंत शेतकरी माझा हात सोडेना, आणि खरं सांगायचं तर मलाही तो हवाच होता.

बाई वाचली. तेव्हा सिस्टर वळून म्हणाल्या, "डॉक्टर, वापरल्या तेवढ्या सगळ्या लिहा हं. म्हणजे पुढच्या वर्षी येतील." मग माझ्यासमोर येऊन बसल्या. "हं साहेब, लिहा जबाब."

जबाब मी शब्दन् शब्द लिहिला आणि पुढे त्या सुटल्या. आमच्याकडेही बंदोबस्त मागच्या तक्रारींवरूनच ठरतो. एखाद्या वस्तीतून तक्रारच आली नाही की ठाण्यात सगळे खूश असतात. त्या दिवसानंतर मला असं शून्य दिसलं की धडकी भरायची, आणि पहिला हवालदार मी तिथेच पाठवायचो.