पाणी मागायला लावणारी वर्षा

वर्षा घराबाहेर पडली की तिच्या खांद्याला निळी पाण्याची बाटली असायचीच. लग्न असो, मयत असो, विहारातली वंदना असो. दुसऱ्याच्या घरचा पेला तिनं तोंडाला लावलेला कोणी पाहिला नव्हता. आणि हीच बाई आठवीतल्या पोरींना आर्णीच्या बाजारात नेऊन परक्या माणसाकडे पाणी मागायला लावायची.

मला हे कळलं ते अचानकच. ओळंब्याची दोरी घ्यायला मी आर्णीला गेलो होतो. बँकेसमोर पाहतो तर माझी नात करुणा डोळे पुसत उभी, आणि वर्षा पायरीवर बसून निवांत शेंगा फोडून राह्यली.

"काव पोरी, कोणं मारलं तुले?"

"कोणी नाही, आबा. मॅडम म्हणते, आत जाऊन मोठ्या सायबाले पाणी माग."

माझं डोकं फिरलं. मी गवंडी माणूस. तिसरीपर्यंत शिकलो, पण गावातल्या अर्ध्या भिंती माझ्या हातच्या आहेत आणि एकही कललेली नाही. लहानपणी मोठ्या जातवाल्यांच्या ओट्यापाशी वाकून, वरून ओतलेलं पाणी मी ओंजळीनं प्यालो आहे. तेव्हाच ठरवलं की मोठा झाल्यावर हे करायचं नाही. त्यांच्या भिंती बांधल्या, पण पिण्याचं पाणी घरून नेलं. उन्हाळ्यात तांब्या रिकामा झाला तर कोरड्या घशानं काम केलं, मागितलं नाही. मुलाला तेच शिकवलं, नातीलाही तेच.

"ए बाई," मी म्हणालो, "माह्या नातीले भीक मागाले शिकवून राह्यली का तू?"

ती उठली. ओढणीतली टरफलं झाडली. "भीक नाही, आबाजी. भेव आहे थे. आठवीत भेऊन घेऊ द्या तिले. बारावीनंतर दूरच्या कॉलेजात भ्याली, त तिथं मी नसीन, अन् तुम्ही बी नसान."

मी करुणाचा हात धरला आणि घरी घेऊन आलो. पाणी मागायचं राहिलं ते राहिलंच.

वर्षा आमच्याच वस्तीतली. गावातून दूरच्या मोठ्या कॉलेजात नंबर लागलेली ती पहिली. तेव्हा तिला डफडं वाजवत एस्टीपर्यंत नेलं होतं. आणि दिवाळीच्या आत ती परत आली. विचारलं की म्हणायची, "तिथली हवा मानवली नाही." गाव एवढ्यावर थोडंच सोडतं. तिचं नावच पडलं, वापस मॅडम. पुढं ती विहारात पोरांच्या शिकवण्या घेऊ लागली, तेव्हा लोक म्हणाले, जी स्वतः टिकली नाही ती दुसऱ्याले काय टिकवते. मीही म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

तिची रीत वेगळी होती. आठवीतच ती पोरींना बसवून विचारायची, कुठं शिकायचं आहे? फी माफ, राहणं-खाणं माफ अशी कॉलेजं देशात आहेत, पण तिथं निवडून घेतात, परीक्षा असते, मुलाखत असते, हे ती तेव्हापासून डोक्यात भरवायची. दर आठवड्याला इंग्रजीत एक पान लिहून घ्यायची, आपल्या गावाबद्दल, बैलाबद्दल, काहीही. दाखल्यांसाठी आईबापांच्या मागं लागायची. "निकाल लागल्यावर जातीचा दाखला काढाले धावसान, तवा तहसीलीत अर्धा तालुका उभा राह्यते. आता चला. आता सायबाले बी टाइम आहे." लोक हसायचे. चार वर्षांनंतरच्या परीक्षेची घाई कोण करतं?

बाजारातल्या भांडणानंतर ती आमच्या घरी आली. सुनेनं तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. तिनं बोलता बोलता आपली बाटली उघडली आणि त्यातलं पाणी प्याली.

मला बरा मोका सापडला. "दुसऱ्याच्या लेकराले मागाले लावतं, अन् तू त आपल्या वस्तीतल्या माणसाचं बी घेत नाहीस."

सून आत गेली तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "आबाजी, हवेनं काही नव्हतं केलं मले. मी उपाशी होती."

मला समजेना. खाणं तर माफ होतं.

"मेसमध्ये कार्ड दाखवा लागे. साऱ्या पोरीयजवळ होतं. कुठून भेटते, एवढंच विचाराचं होतं. माह्या मायनं शिकवलं होतं, उपाशी राहाचं पण कोणापुढं तोंड वेंगाडाचं नाही. त म्या खोलीत बसून बिस्किटं खाल्ली. सारे जेवाले गेले की दरवाजा लावून घेओ. बिस्किटं सरली. वर्गात चक्कर आली, तवा बी कोणाले काही सांगतलं नाही. एक दिवस गाडीत बसली न वापस आली." मग ती थोडी हसली. "कार्ड फुकट होतं, आबाजी."

त्या दिवसापासून भीती माझ्या पोटात येऊन बसली ती बसलीच. करुणा समोर भाकर खात असली तरी मला दिसायची एक बंद खोली आणि बिस्किटाचा रिकामा पुडा. मला वाटायचं, पोर हुशार आहे, नंबर लागेलच, आणि मग माझीच शिकवण तिला तिथं उपाशी मारेल. देवाधर्माचं मी काही करत नाही, नाहीतर नापास होऊ दे म्हणून नवस बोललो असतो.

पुढच्या बाजाराला मीच करुणाला बँकेच्या दारात सोडलं आणि वर्षाच्या शेजारी पायरीवर बसलो. मला वाटत होतं, आतून आता हाड्‌ असा आवाज येईल. त्या आवाजाची मला लहानपणापासून ओळख आहे.

"शेंगा खा, आबाजी," वर्षा म्हणाली.

"गिळल्या जात नाही व माय."

करुणा बाहेर आली. वरचा ओठ ओला. "आबा, थो सायब म्हणे, उन्हाची आली, बस पंख्याखाली. कोणत्या वर्गात आहे म्हणे."

"झालं?" वर्षा म्हणाली. "आता पुढच्या बाजाराले पोलीस ठाण्यात."

"मेलो!" मी म्हणालो. पण पोलीस ठाण्यातही ती गेली. दवाखान्यात गेली, तहसीलीत गेली. दरवेळी आधी रडायची, मग जायची. वर्षा तिला रडू नको असं कधी म्हणाली नाही. म्हणायची, "रडून घे, पण रांग सोडू नको."

बारावीत दक्षिणेकडच्या एका कॉलेजची परीक्षा ती पास झाली. मुलाखत विहारात, वर्षाच्या मोबाइलवर झाली. आम्ही दोघं दाराबाहेर. आत कोणी तरी इंग्रजीत लांबलचक काही विचारलं. करुणा गप्प. वर्षानं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. मग करुणाचा आवाज आला, इंग्रजीतच, दोन-तीन शब्द.

"काय म्हणाली व?"

"समजलं नाही, पुन्हा सांगा म्हणते," वर्षा म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. "लागला नंबर, आबाजी." आणि नंबर लागला.

सोडायला वर्षाच जाणार होती. रेल्वेची वाट तिला माहीत, इंग्रजी तिला येते. आर्णीच्या स्टँडवर एस्टी लागली. करुणा चढली, पेटी चढली. वर्षा पायरीवर एक पाय ठेवून तशीच उभी राहिली. कंडक्टर ओरडला. तिचा चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. तिनं पाय खाली घेतला.

"आबाजी, तुम्ही जा. माह्यानं नाही होत."

मी आमच्या जिल्ह्याबाहेर कधी गेलो नव्हतो. विचार करायला वेळ नव्हता. अंगावरच्या कपड्यांनिशी चढलो. तिकीट कुठलं, गाडी कोणत्या फलाटावर, डबा कोणता, पाट्या वाचूनही मला काही उमगेना. पुढं तर अक्षरंच निराळी. मी, जो कोणाला काही विचारत नाही, तो वर्ध्याच्या स्टेशनापासून विचारत गेलो. हमालाला, पोलिसाला, कडेवर मूल असलेल्या बाईला. शब्द संपले तिथं हातानं. कोणी हसलं, कोणी हाकललं, एकानं तर डब्यापर्यंत आणून सोडलं. करुणाला मी पेटीपाशी उभं केलं होतं; ती सगळं पाहत होती.

कॉलेजात पोहोचल्यावर पेटी खोलीत ठेवायच्या आधी तिनं रखवालदाराला विचारलं, "जेवणाचं कार्ड कुठे मिळतं?" ते कार्ड मी हातात घेऊन पाहिलं. हलकं होतं. एवढ्याशा वस्तूनं आमच्या वर्षाचं आयुष्य मागं फिरवलं होतं.

परत आलो तर वर्षा स्टँडवरच. मी खाली उतरायच्या आत तिनं विचारलं, "जेवली का?"

"दोन वेळा वाढून घेतलं तिनं," मी म्हणालो. तिनं तोंडाला ओढणी लावली आणि तिथंच, सगळ्यांसमोर, रडून घेतलं.

करुणाचं तिथलं दुसरं वर्ष चालू आहे. फोन उशिरा आला की अजूनही मी ओट्यावर येरझारा घालतो. पोटातली ती भीती गेली नाही, जाईल असं वाटतही नाही. हे लिहिलेलं तिनं दुरुस्त करायला मागितलं होतं, मी दिलं नाही. चुका असतील तर माझ्या.

वर्षाचं मागच्या उन्हाळ्यात महागावला लग्न झालं. जायच्या दिवशी ती भेटायला आली. बाटली खांद्याला होतीच, गच्च भरलेली, कारण ती ओट्यावर ठेवली तेव्हा आवाज जड आला. म्हणाली, "बँकेच्या पायरीवर आता तुम्ही बसत जा, आबाजी. यंदा आठवीत तीन पोरी आहेत." मी हो म्हणालो. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि थांबली. वळली तेव्हा चेहरा तसाच झाला होता, एस्टीच्या पायरीवर झाला होता तसा.

"आबाजी," ती म्हणाली, "जराक पाणी देता का?"

सून धावली. मी तिला थांबवलं. माठातलं पाणी मी स्वतः काढलं, पेला दोन्ही हातांनी दिला. वर्षा उभ्यानंच सगळं प्याली.