सुपात पाखडलेली फाइल

मंडळी, आज दुपारची एक गोष्ट डोक्यातून जाऊनच नाही राह्यली.

मी मालेगावात घरी बसून वेबसाइटसाठी लेख नव्यानं लिहून देते. मजकूर तोच, फक्त शब्द बदलायचे. आजचा लेख होता, सिनेमा सुरक्षित डाउनलोड कसा करावा. 'सुरक्षित'चं 'बिनधोक' केलं, 'सावधगिरी'ची 'खबरदारी' केली आणि पुढच्या वाक्यावर थांबलेच: 'फाइल उघडण्याआधी सुपात घेऊन पाखडा.'

अरे, हे तर माझंच वाक्य! मागे 'तपासा'ला दुसरा शब्द सुचत नव्हता. समोर आई तूर पाखडत बसली होती, म्हणून तसं लिहून टाकलं होतं. म्हणजे माझाच लेख कुठंकुठं फिरून माझ्याकडेच परत आला!

आईला सांगितलं तर पोट धरून हसली. मग म्हणाली, "पण काय वं, यातलं कोनी करून पाह्यलं का, का सारे नुसते शब्दच बदलून राह्यले?"

मी तर आजवर एकही सिनेमा डाउनलोड केलेला नाही. तुमच्यापैकी कोणी असा लेख वाचून केलाय का? खरं सांगा, फोन धड आहे ना?