टँकरनगरचे पितृत्व

भुईगावच्या गॉडफ्रे तुस्कानो यांनी चाळीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि एकाही पाटीवरची ओळ तिरकी जाऊ दिली नाही. त्यांच्या हातून उतरलेल्या लाखो अक्षरांपैकी जगाने लक्षात ठेवली ती मात्र सहाच: टँकरनगर.

त्याचे असे झाले. या पट्ट्यात आळीआळीला बावखल असे. विहिरीहून रुंद, तळ्याहून लहान, चार घरांच्या सामाईक मालकीचे, गोड्या पाण्याचे. नळ येणार असा गाजावाजा झाला आणि शहाण्या आळकऱ्यांनी आपापली बावखले आपल्याच हातांनी बुजवून त्यांवर मोटारी उभ्या केल्या. गॉडफ्रेंनीही आळीतल्या दोनांपैकी एकाच्या संमतिपत्रावर वळणदार सही ठोकली. नळ आले, पाणी आले नाही. पाण्याऐवजी टँकर आले. बावखलांत भराव ओतणारे डंपर ज्या तात्यांचे, टँकरही त्यांचेच. पुढारी असावा तर असा काटकसरी!

संतापाच्या भरात गॉडफ्रेंनी पत्र्यावर एक पाटी रंगवून विरारकडे जाणाऱ्या रस्त्यावर ठोकली: ‘टँकरनगरात आपले स्वागत असो’. विरोधकांना आयती शिवी मिळाली; सभासभांतून ती गाजली. तात्यांच्या माणसांनी पाटी उखडली आणि ‘शहराची बदनामी’ म्हणून मोर्चा काढला. तीन वर्षांनी नाव मरत नाही असे दिसल्यावर त्यांनीच ते गळ्यात घातले. ‘गर्वाने म्हणा, आम्ही टँकरनगरकर’ अशा टोप्या वाटल्या. चौथ्या मजल्यावर कॅन चढवून कंबर मोडलेली माणसे त्या टोप्या घालून नाचली. अशा माणसांची कीव करावी की त्यांच्या टोप्या उडवाव्यात, हे गॉडफ्रेंना ठरवता येईना.

यंदाच्या निवडणुकीत विरोधक म्हणू लागले, नाव आमचे. तेव्हा तात्यांचा कार्यकर्ता कल्पेश गॉडफ्रेंच्या ओटीवर येऊन बसला.

“अंकल, एकच लाइन बोलायची. नाव तात्यांनी सुचवलं, तुम्ही फक्त रंगवलं. बस.”

“त्याच तात्यांनी माझी पाटी उखडली होती.”

“जुनं कशाला काढता? मागचं उरलेलं बावखल बुजवायची फाइल तात्यांच्या टेबलावर आहे. तुम्ही बोललात तर ती तिथंच झोपेल.”

त्या बावखलावर गॉडफ्रेंच्या बायकोची, लुईझाची, केळी आणि अळू जगत होते. ते गेले की वाडीही गेली. कल्पेशची पाठ वळताच लुईझा आतून बाहेर आली.

“देऊन टाका ते नाव. धुऊन प्यायचंय का? वाडीला पानी लागतं.”

“खोटं बोलू?”

“सही करताना विचारलंत का मला? आता तरी शहाणे व्हा.”

दुसऱ्या दिवशी गॉडफ्रेंनी कल्पेशला निरोप धाडला: बोलतो, पण क्रम मी ठरवीन. आधी तात्यांनी माइकवरून बावखल राखल्याचे जाहीर करायचे, मग मी उभा राहीन.

तात्यांना टाळ्यांचे निमित्त हवेच होते. सभेत ते गरजले, “भुईगावच्या या बावखलाला, माझा शब्द आहे, कोणी हात लावणार नाही!” मोबाइल उंचावले गेले. तात्या खुर्चीत बसून शेजाऱ्याशी कुजबुजू लागले. मग गॉडफ्रे इस्त्रीचा सदरा सावरीत उठले.

“सभ्य स्त्री-पुरुषहो, टँकरनगर हे नाव सर्वस्वी तात्यांचे आहे. त्यांच्या डंपरांनी बावखले बुजवली नसती आणि त्यांचे टँकर दारी आले नसते, तर हे नाव कोणाला सुचले असते? मी केवळ रंगारी. त्यांनी केले, ते मी लिहिले. आणि संमतीची सही करून मीही त्यांना हात दिला, हेही नोंदवून ठेवावे.”

मागच्या बाजूने कोणीतरी खो-खो हसले आणि हसू खुर्च्याखुर्च्यांतून पुढे आले. कल्पेशचा चेहरा उतरला. तात्यांच्या कानी केवळ आपले नाव पडले होते. त्यांनी हात जोडून उभे राहत सर्वांना अभिवादन केले.

आठवड्याने एक डंपर आळीत शिरला. लुईझाने चालकासमोर मोबाइल धरला. तात्यांची गर्जना आळीभर घुमली. चालकाने ती दोनदा ऐकली, कोणाला तरी फोन लावला आणि मुकाट्याने गाडी मागे घेतली.

तात्यांच्या प्रचारपत्रकात मात्र आता छापून येते: ‘टँकरनगर या नावाचे जनक’. विरोधकही ते पत्रक आनंदाने वाटतात. शेजारचा ऑस्कर ते घेऊन धावत आला.

“गॉडफ्रे, तुझं नाव चोरलं रे!”

गॉडफ्रेंनी चष्मा लावून पत्रक पाहिले. ओळ तिरकी छापली होती. घडी घालून ते त्यांनी परत दिले.

“ठेवू दे त्याला. अशा नावाला असाच बाप शोभतो,” असे म्हणून ते केळीला पाणी सोडायला गेले.