अठराने भागायचं

नेरेइदाबाईंनी रेमेदिओस गावच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. सगळ्या गावाला भागाकार आला, आला नाही तो त्यांच्या धाकट्या भावाला, एलिहिओला. लहानपणी त्याच्या वहीवर त्यांनी लाल पेन्सिलीने इतक्या फुल्या मारल्या की शेवटी त्याने वही दाखवणंच सोडलं. पुढे तो बेकरीत लागला आणि पन्नाशीत इन्सुलिनवर आला.

औषधांच्या दुकानात तीन महिने साखर तपासायच्या पट्ट्या आल्या नव्हत्या. त्याचं जुनं मशीन कपाटात धूळ खात पडलं होतं. शेवटी परदेशातून, टांपाहून, लेकीनं पट्ट्यांसकट नवं मशीन पाठवलं. एलिहिओने ते गल्लीभर मिरवलं.

दुसऱ्याच सकाळी इन्सुलिन टोचून, पाव आणला की खातो म्हणत तो रांगेत जाऊन उभा राहिला. रांग काही हलेना. घरी आला तो घामाने निथळत, हातपाय लटलट कापत. बायकोने, सोराइदाने, नव्या मशीनवर त्याची साखर पाहिली. आकडा आला अठ्ठावन्न.

जुन्या मशीनवर पाच-सहा म्हणजे छान आणि वीस म्हणजे थेट इस्पितळ. अठ्ठावन्न कुणी बापजन्मात ऐकला नव्हता. सोराइदाने घाईघाईने इन्सुलिनची सुई भरली.

तेवढ्यात नेरेइदाबाई रोजच्यासारख्या कॉफीला आल्या. भावाचा चेहरा बघून त्या धावत त्याच्यापाशी गेल्या. पण एकक न लिहिता उत्तर देणाऱ्याचे त्या निम्मे गुण कापायच्या, ती सवय कुठे जाणार? त्यांनी मशीन डोळ्यांशी नेलं आणि आकड्याखालची बारीक अक्षरं वाचली.

"खाली ठेव ती सुई."

"वन्सं, अठ्ठावन्न झालीय. मरेल तो."

"तू टोचलंस तर मरेल. तिकडचं माप निराळं असतं, सोराइदा. अठराने भागलं की आपला आकडा निघतो."

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना हे एकदा माद्रिदहून आलेल्या मशीनवर दाखवलं होतं. तीन पूर्णांक दोन. साखर चढली नव्हती, तळाला गेली होती.

त्यांनी पाणी आणि साखर मागितली. सोराइदाचा हात धजेना, पंधरा वर्षं तिने तोच डबा नवऱ्यापासून लपवला होता. नेरेइदाबाईंनी तो ओढून घेतला आणि भावाला घोट घोट पाजलं. पाव तासाने आकडा आला एकशे चार. सोराइदा पुन्हा पांढरीफटक. पाच पूर्णांक आठ, असं बाईंनी सांगितलं, खुर्चीत बसल्या आणि ढसाढसा रडल्या. भाऊ एकच होता.

"ताई, रडतेस काय? मी आहे ना."

"चौथीत लक्ष दिलं असतंस तर ही वेळ आली नसती, गाढवा."

आता परदेशी लेकरं असलेल्या बायका आपापली मशीनं घेऊन बाईंच्या दारात येतात. टोरांटोचं असेल तर आकडा आपल्यासारखाच, भागू नका, असं त्या बजावतात. टांपाच्या आणि माद्रिदच्या मशीनवर अठराची चिठ्ठी चिकटवून देतात.

सोमवारी त्या बायकांच्या मागे एलिहिओही वही घेऊन उभा होता. पानावर एकशे सतराला अठराने भागलेलं होतं, खाडाखोड करत, पण पूर्ण. उत्तर साडेसहा, आणि शेजारी एककही.

बाईंनी दोनदा तपासलं, मग आत जाऊन लाल पेन्सिल शोधून आणली. पासष्ट वर्षांच्या भावाच्या वहीवर त्यांनी पहिल्यांदा बरोबरची खूण केली.