नंदूला दिल्ली झेपेल का

आमच्या निडी गावात चार माणसं चहाला बसली की दिल्लीचा एखादा किस्सा निघतोच. बसलेल्यांपैकी बहुतेकांनी दिल्ली पाहिलेली नसते, तरी किस्से मात्र साठत गेलेत. सांगणारे हसतात, ऐकणारे हसतात. मीही सांगतो. पण सांगताना माझं डोकं तापतं, ते आधीच सांगून ठेवतो. मध्येच आवाज चढला तर चहा ओतत राहा.

आम्ही सगळे एका काळचे गावच्या कबड्डी संघातले. आता पन्नाशीला टेकलोय. मी कंपनीत वेल्डिंगच्या कामाला, कोणी भात लावतो, कोणाची रिक्षा. प्रकाश तेव्हा कॅप्टन होता. आता नाही, पण हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आणि नंदू आमचा रेडर. त्याची चढाई बघायला पेण आणि रोह्याहून लोक यायचे. पेणला सामना जिंकून परत येताना गडबजवळ हायवेच्या खड्ड्यात मोटारसायकल उडाली. नंदू मागे बसला होता. त्याचा एक पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला, दुसरा नावाला राहिला. गाडी प्रकाश चालवत होता. त्याला खरचटलं.

तेव्हापासून नंदू चाकाच्या खुर्चीत आहे. नागोठण्याला एसटी स्टँडजवळ त्याचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. बाजूला जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून एकटा जातो-येतो. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

*

दिल्लीचं निघालं प्रकाशच्या पुतण्याच्या हळदीत. मटणाचं जेवण झालं होतं, सगळे खुश होते. प्रकाश म्हणाला, "आख्खा जन्म पेण आणि रोह्याच्या मधी गेला. एकदा दिल्ली बघू. चार दिवस. फक्त आपला संघ."

सगळ्यांच्या आधी नंदू बोलला, "माझं नाव टाक."

प्रकाशनं मान डोलावली. लगेच मोबाइलवर ग्रुप झाला, 'दिल्ली दौरा'. त्यात पहिला फोटो नंदूनंच टाकला, लाल किल्ल्याचा. खाली लिहिलं, "सोमवारी बंद असतो. त्या हिशेबानं निघू."

एवढा अभ्यास आमच्यात दुसऱ्या कोणी केला नव्हता. तिथंच खरं तर त्याला कॅप्टन करायला हवा होता.

*

आमच्यात सुध्या हा दिल्लीचा जाणकार. का, तर वैष्णोदेवीला जाताना त्यानं दिल्ली स्टेशनवर गाडी बदलली होती. प्लॅटफॉर्मवर पुरी-भाजी खाल्ली, एवढीच त्याची दिल्ली. पण बोलायला लागला की वाटावं, याचं लहानपण तिकडंच गेलं.

पहिल्याच मीटिंगला तो नंदूसमोरच म्हणाला, "कुतुबमिनार म्हणजे नुसता जिना हाय. वरून आख्खी दिल्ली दिसते. आता आपण सगळे वर जाणार, मग नंदूचं काय? खाली एकटा बसणार?"

सगळे नंदूकडं बघायला लागले. चेहरे असे, की तो आत्ताच आजारी पडलाय.

नंदू शांतपणे म्हणाला, "वर कोणालाच सोडत नाय, सुध्या. कधीपासून बंद हाय ते."

सुध्यानं कान खाजवला. मग म्हणाला, "मग तिथं जायचंच कशाला?"

मिनार बंद म्हणून तो सोडायला तयार होता, पण नंदूला झेपणार नाही हा मुद्दा काही सोडला नाही. त्या दिवसापासून कुठल्याही ठिकाणाचं नाव निघालं की कोणीतरी म्हणायचंच, "नंदूला झेपेल का?" त्यातल्या एकाला आमच्या स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबावं लागतं. त्याला झेपेल का, हे कोणी विचारलं नाही.

*

मग प्रकाश आणि मी पेणला एका टूरवाल्याकडं गेलो. एसी ऑफिस, भिंतीवर ताजमहाल. माणूस गोड बोलायला. सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीचं नाव काढल्याबरोबर पेन खाली ठेवलं.

"काय आहे ना," तो म्हणाला, "असे पेशंट असले की बाकीच्यांची ट्रिप खराब होते."

"तो पेशंट नाय," मी म्हणालो. "त्याचं दुकान हाय."

"तसं नाही हो. नेऊ की आपण. गाडीतून उतरवायचं नाही एवढंच. काचेतून सगळं दिसतं."

मी विचारलं, "तुम्ही जेवणपण काचेतूनच दाखवता का?"

प्रकाशनं माझा हात धरून मला बाहेर आणलं. मला वाटलं, त्यालाही राग आलाय. रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "तू उगाच भडकतोस. तो चुकीचं काय बोलला?"

पेणपासून निडीपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. गाडी त्याची होती, म्हणून बसलो.

*

पुढच्या आठवड्यात मी शिफ्ट संपवून बाहेर आलो आणि मोबाइल बघितला. नवा ग्रुप. नाव 'दिल्ली फायनल'. माणसं तीच, फक्त नंदू नाही.

मी तिथूनच प्रकाशला फोन लावला. "हे काय हाय?"

"अरे, त्याला वाईट वाटू नये म्हणून."

"त्याला टाकून जायचं, आणि ते त्याला वाईट वाटू नये म्हणून?"

"शरद, समजून घे. माणसं चार दिवस मजा करायला चाललीत."

"आणि तो काय रडायला येणार होता?"

प्रकाशचा आवाज खाली आला. शेवटी म्हणाला, "त्याची खुर्ची ढकलत मी दिल्ली बघू? माझ्याच्यानं नाय होणार ते. तुला म्हायत हाय कशाला ते."

माहीत होतं. म्हणून तर जास्त राग आला. मी म्हणालो, "तुझ्याच्यानं होत नाय, मग तू घरी बस. तो का बसंल?"

मी ग्रुपवर लिहिलं, "लाज वाटू द्या," आणि बाहेर पडलो. दहा मिनिटांनी प्रकाशनं मला परत घेतलं. मी परत बाहेर. त्यानं परत घेतलं. कबड्डीतसुद्धा आउट झालेल्या माणसाला एवढ्या वेळा आत घेत नाहीत.

*

नंदूला सांगायला प्रकाश स्वतः दुकानात गेला. म्हणाला, "तिकिटंच नाय मिळत, नंद्या. कॅन्सल झालं सगळं. पुढच्या वर्षी बघू."

नंदू म्हणाला, "बरं."

दुसऱ्याच दिवशी आमचा जाणकार सुध्या त्याच दुकानात हजर. म्हणतो कसा, "नंदू, एक चांगली पॉवर बँक दे. दिल्लीला थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणतात."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. पण तोंडातून गेलं ते गेलं. नंदूनं खोक्यातून पॉवर बँक काढली, चार्ज होते का ते लावून दाखवलं, पिशवीत घातली आणि म्हणाला, "कानटोपीपण घे. तिकडं गार असतं."

सुध्यानं ही गोष्ट मला हसत हसत सांगितली. म्हणाला, "बरं झालं, त्याला राग नाय आला."

मी त्याला काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही.

*

राग आला होता. तो निघाला घरात. नंदू जेवेना, बोलेना. दुकानातून आला की भिंतीकडं तोंड करून पडायचा. त्याची बायको सुरेखा कंटाळली. त्यातच ती नागोठण्याच्या बाजारात वाल घ्यायला गेली, तर प्रकाशची बायको भेटली.

"तुझं बरं गो," ती म्हणाली. "तुला कुठं जायाची कटकट नाय. आमच्या यांची बॅग भरता भरता माझा जीव गेला."

सुरेखानं वाल तिथंच ठेवले आणि तशीच घरी आली. नंदूसमोर उभी राहिली. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

"त्यांच्याशिवाय दिल्ली उघडत नाय काय?" तिनं विचारलं.

नंदूनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"मी विचारते ते सांगा. एवढी वर्षं मी तुम्हाला उठवते, बसवते. त्यांच्यातल्या एकाला तरी कधी हात लावायला बोलावलं? मग त्यांच्या पाठी कशाला लागता?"

संध्याकाळी दोघं माझ्या दारात. स्कूटरवरून उतरायच्या आधीच सुरेखा म्हणाली, "भावजी, येताय का नाय ते सांगा. सोबतीला म्हणून नाय. फोटो काढायला माणूस पाहिजे."

मी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला.

*

आमचं प्लॅनिंग नंदूच्या दुकानात, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. तिथंही भांडणं झालीच. सुरेखाला जमिनीखालची गाडी बघायची होती. मला खायचं होतं. नंदूला पार्लमेंट बघायचं होतं, बाहेरून का होईना. कुठं उतार आहे, कुठं लिफ्ट आहे, ते तो मोबाइलवर व्हिडिओ बघून शोधायचा. एक जुना महाल होता. त्याच्या दाराला पायऱ्याच पायऱ्या, उतार कुठंच नाही. मी म्हणालो, "हा सोडू."

नंदू भडकला. माझ्यावर तो कधी भडकत नाही. "जिथं आत जाता येणार नाय, तिथंपण जायचं," तो म्हणाला. "दारापर्यंत जायचं. दारातून काय ते मी ठरवीन."

पनवेलहून गाडी पकडली. मेट्रो बघून सुरेखा खुळ्यासारखी हसत होती. एकाच मार्गावर उगाच दोनदा गेलो. आणि शेवटच्या दिवशी त्या महालाच्या दारात पोचलो. तिथला गार्ड नंदूकडं न बघता मला म्हणाला, "इनको यहीं छोड़ दो, आप लोग देख के आ जाओ."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नंदूनं माझं मनगट धरलं. रेडरचा हात तो, अजून तसाच आहे.

"मलापण नाय बघायचं," सुरेखा म्हणाली आणि त्याच्या बाजूला पायरीवर बसली.

"तू जा गो," नंदू म्हणाला. "एवढ्या लांब काय माझी खुर्ची बघायला आलीस?"

ती गेली. आम्ही दोघं दारात बसलो. नंदू वरच्या नक्षीकडं बघत होता. त्याचे डोळे भरले होते. मी त्या पायऱ्यांकडं बघत होतो, आणि माझ्या मनात जे होतं त्याला पहार लागली असती. सुरेखा लवकरच परत आली, धापा टाकत.

"काय हाय आत?" नंदूनं विचारलं.

"काय नाय. थंड हाय जरा. जुनी भांडी हायत."

नंदू म्हणाला, "मोबाइल दे. फोटो काढलेस ना?"

तिनं दिला. त्यानं एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघितला. भांडं नि भांडं बघितलं. तोपर्यंत आम्ही कोणी हाललो नाही.

*

'दिल्ली फायनल'वाले गेलेच नाहीत. आधी एसी का स्लीपर यावरून भांडले, मग सोबत दारू न्यायची का यावरून. शेवटी सुध्या आणि प्रकाश एकमेकांशी बोलायचे बंद झाले. पॉवर बँक सुध्याची पोरगी वापरते.

आम्ही परत आल्यावर चार-पाच दिवसांनी मी नंदूच्या दुकानात बसलो होतो. प्रकाश आला. आत आला नाही, पायरीवरच उभा राहिला. नंदूच्या हातात उघडलेला मोबाइल होता, डोळ्याला भिंग. मी मुद्दामच उठलो नाही.

प्रकाश बराच वेळ चार्जरच्या वायरी चाळत राहिला. मग खालीच बघत विचारलं, "कशी हाय रे दिल्ली, नंद्या?"

नंदूनं बारीक स्क्रू चिमट्यात उचलला, बशीत ठेवला आणि मान वर न करता म्हणाला,

"सपाट हाय."