देवीला काय दिसतं
ओट्यावर संध्याकाळची तांबूस तिरीप पडली, की मला अंबाबाईचा किरणोत्सव आठवतो. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात देवीपर्यंत जातात. मी कॉलेजात असताना ते बघायला नेसरीचे मामा मुद्दाम आले होते. किरणं देवीच्या पायांशी पोचली, सगळे पुढं रेटायला लागले, आणि मामा मात्र देवीकडं पाठ करून उभे. गरुड मंडपाचे लाकडी खांब उजळले होते, कापराचा धूर पेटल्यासारखा दिसत होता, हात जोडलेल्या गर्दीच्या कडा सोनेरी झाल्या होत्या. मागचा एकजण खेकसला, "ओ पावणं, देवी तिकडं हाय की." मामा म्हणाले, "व्हय. ती जे बघतीया, तेच बघतोय." मग मीही वळले. आता कुठल्याही देवळात गेले, की दर्शन झाल्यावर वळून, देवाला काय दिसतं ते बघते.